कर्नल सी. के. नायडू : एक क्रीडाजीवन

ग्रंथालयाच्या शताब्दी स्मरणिकेसाठी इंदूरच्या एखाद्या कीर्तिशेष व्यक्तीचे चरित्र लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा प्रस्तुत लेखकाकडून एखाद्या कवीची, कीर्तनकाराची अथवा इतिहाससंशोधकाची अपेक्षा असणार हे उघड होते. मराठीच्या प्राध्यापकाने क्रिकेटपटूवर लिहावे, हे काही वाचकांना जरा विचित्र वाटेल. परंतु आमच्या लहानपणी याच ग्रंथालयाच्या वाचनकक्षात सकाळी वृत्तपत्रांची पाने वाटून घेण्याची जी पद्धत होती, तीत सर्वांत आधी हातोहात पळत असे ते शेवटचे, खेळाचे पान. आणि ते पान मिटल्यावर बाहेरच्या पायऱ्यांवर वयस्कर सभासदांची जी बैठक बसे, तीत ज्ञानेश्वर-तुकारामांच्या खालोखाल नाव निघे ते सी. के. नायडूंचे. यशवंत क्लबच्या मैदानावर त्यांचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेली ती पिढी आता राहिली नाही. त्या पायऱ्यांवर ऐकलेले पुष्कळसे अतिशयोक्त होते, हे पुढे पुस्तके वाचल्यावर कळले. काही मात्र खरे होते, आणि जे खरे होते तेच अधिक अद्भुत होते.

कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे तेलुगू, परंतु नागपुरात चांगलेच स्थिरावलेले. आजोबा नारायणस्वामी नायडू हे नागपुरातील नामांकित वकील, काही गावांचे मालक आणि काँग्रेसच्या आरंभकाळातील कार्यकर्त्यांपैकी एक. वडील सूर्यप्रकाशराव कायद्याच्या अभ्यासासाठी केंब्रिजला गेले होते. तेथे रणजितसिंहजींशी त्यांचा स्नेह जमला. परत आल्यावर त्यांनी वकिली केली आणि काही काळ होळकर संस्थानच्या उच्च न्यायालयात न्यायाधीशपदही भूषविले. नायडू घराण्याचा इंदूरशी संबंध क्रिकेटमुळे आला अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक तो त्याआधी न्यायालयाच्या वाटेने आलेला होता.

घरात सुबत्ता होती, विद्या होती, आणि क्रिकेटविषयी आदरही होता. पण मुलाला खेळाडू केले ते शाळेने. नागपुरात त्या काळी ज्या मिशनरी शाळा होत्या, त्यांपैकी सेंट फ्रान्सिस डी सेल्स आणि हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूल या दोन शाळांत त्यांचे शिक्षण झाले. मिशनरी शाळांत मैदान हा अभ्यासक्रमाचाच एक भाग मानला जाई. मुलगा वर्गात किती हुशार आहे याच्या जोडीने तो मैदानावर कसा वागतो, पंचाचा निर्णय मुकाट्याने मानतो की नाही, याकडे शिक्षकांचे लक्ष असे. नायडू अवघे सात वर्षांचे असताना त्यांना शाळेच्या संघात घेण्यात आले, अशी नोंद मिळते. सात वर्षांचा मुलगा मोठ्या मुलांच्या संघात काय करीत असेल? बहुधा सीमारेषेपलीकडे गेलेले चेंडू आणून देत असेल, असे कुणाला वाटेल. परंतु हायस्कूलमध्ये पोहोचेपर्यंत तोच मुलगा संघाचा कर्णधार झाला होता. हॉकी आणि फुटबॉल या खेळांतही ते तितकेच तरबेज होते. उंच, काटक आणि ताठ अशी त्यांची जी देहयष्टी पुढे साऱ्या देशाच्या परिचयाची झाली, ती या तिन्ही मैदानांवर घडलेली होती.

येथे एक गोष्ट आजच्या वाचकाने ध्यानात घेतली पाहिजे. आज शाळेत चमकलेल्या मुलापुढे एक शिडी उभी असते. शालेय स्पर्धा, वयोगटांचे सामने, विद्यापीठाचा संघ, राज्याचा संघ असे तिचे टप्पे. नायडूंच्या विद्यार्थिदशेत यांतले काहीच नव्हते. रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली १९३४ साली. आंतरविद्यापीठीय क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक त्याच्या पुढच्या वर्षी. शालेय मुलांसाठीची कूचबिहार करंडक स्पर्धा तर १९४५-४६ च्या मोसमात. १९१० च्या सुमारास नागपूरसारख्या शहरातील शाळकरी खेळाडूला शाळा सुटली की खेळही सुटे. नोकरी लागे, लग्न होई, आणि बॅट माळ्यावर जाई. पुढे जाण्याच्या वाटा दोनच होत्या. एक म्हणजे मुंबईची जातवार भरणारी चौरंगी स्पर्धा. आणि दुसरी एखाद्या संस्थानिकाची मर्जी. नायडूंना या दोन्ही वाटा मिळाल्या, आणि दोन्हींची किंमतही त्यांना मोजावी लागली.

पहिली वाट १९१६ मध्ये उघडली. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत युरोपियनांविरुद्ध खेळणाऱ्या हिंदू संघात त्यांची निवड झाली. वय एकवीस. फलंदाजीच्या क्रमात स्थान नववे. संघाची अवस्था ७ बाद ७९. अशा वेळी नवख्या खेळाडूने काय करावे, याचा संकेत ठरलेला असतो : खाली मान घालून उभे राहावे. नायडूंनी पहिले तीन चेंडू अडवले आणि चौथा सरळ सीमेबाहेर भिरकावला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील त्यांची पहिली धाव म्हणजे षट्कार. मोठ्या माणसांच्या चरित्रांत आरंभीचे प्रसंग पुष्कळदा मागाहून रंगवलेले असतात. हा मात्र पुढच्या सत्तेचाळीस वर्षांच्या खेळाशी इतका सुसंगत आहे की त्याला रंगाची गरज भासत नाही.

चौरंगी स्पर्धा ही आज आपल्याला खटकणारी संस्था आहे, आणि ती खटकलीच पाहिजे. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन अशी संघांची विभागणी. प्रेक्षकही त्याच हिशेबाने टाळ्या वाजवणारे. १९४० मध्ये महात्मा गांधींनी या पद्धतीला उघड विरोध केला, आणि १९४६ नंतर ती बंद पडली. परंतु याच स्पर्धेने पाळवणकर बंधूंसारख्या, जन्माने अस्पृश्य मानल्या गेलेल्या खेळाडूंना हिंदू संघात स्थान द्यावयास भाग पाडले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल पाळवणकर त्या संघाचे कर्णधार झाले. नायडू वाढले ते या वातावरणात.

त्याच १९२३ साली दुसरी वाट उघडली. महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नायडूंना इंदूरला बोलावून घेतले आणि होळकर लष्करात अधिकारपद दिले. पुढे ते मेजर झाले, कर्नल झाले, आणि कर्नल ही पदवी त्यांच्या नावाला अशी चिकटली की पुष्कळांना ते मुळात शिपाईगडी असावेत असेच वाटे. संस्थानी लष्करातील हे हुद्दे म्हणजे खेळाडूच्या चरितार्थाची सोय होती, हे आता लपवून ठेवण्याचे कारण नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, घरी वकिलीची परंपरा असताना, केवळ खेळण्यासाठी दुसऱ्या गावी जाऊन राहणे हे त्या काळच्या सुशिक्षित कुटुंबात धाडसाचेच मानले गेले असणार. नायडू आले आणि इंदूरचेच झाले. नागपूरने त्यांना घडवले, इंदूरने ठेवून घेतले. त्यांच्यावर अधिक हक्क कुणाचा, हा वाद आमच्या त्या पायऱ्यांवर एखादा नागपूरकर पाहुणा आला की हटकून रंगत असे.

१ डिसेंबर १९२६ हा भारतीय क्रिकेटच्या इतिहासातील एक मोठा दिवस. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता आणि मुंबई जिमखान्याच्या मैदानावर त्याचा हिंदू संघाशी सामना चालू होता. पाहुण्यांच्या डावात गाय अर्ल याने आठ षट्कारांसह १३० धावा काढून प्रेक्षकांना चकित केले होते. नायडूंनी त्याला जे उत्तर दिले, ते ११६ मिनिटांत १५३ धावांचे : तेरा चौकार आणि अकरा षट्कार. मॉरिस टेटसारखा जगद्विख्यात गोलंदाज त्या संघात होता. नायडूंचे काही फटके जिमखान्याच्या छपरावर जाऊन आदळले. बातमी पसरताच कचेऱ्या सोडून माणसे मैदानाकडे धावली, झाडांवर आणि आसपासच्या गच्च्यांवर चढली, असे सांगतात. एम. सी. सी.ने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. हिंदुस्थानात कसोटी दर्जाचे क्रिकेट खेळण्याची योग्यता आहे, हे गिलिगनच्या मनावर ठसले; त्यांच्याच प्रोत्साहनाने चक्रे फिरली आणि डिसेंबर १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली. या सर्वाचे श्रेय एका खेळीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच दौऱ्यात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनीही एम. सी. सी.विरुद्ध १४८ धावांची मोठी खेळी केली होती. पण माणसांच्या स्मरणात राहिला तो छपरावर आदळलेला चेंडू.

देवधरांचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर करतो. संस्कृतचा प्राध्यापक आणि महाराष्ट्राचा कर्णधार या दोन भूमिका देवधरांनी एकाच वेळी पार पाडल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. देवधर महाविद्यालयाच्या आश्रयाने खेळले, नायडू संस्थानाच्या. दोघांचे वयही जवळपास सारखेच. १९३२ मध्ये इंग्लंडला संघ जायचा ठरला तेव्हा देवधर चाळिशीला पोहोचले होते आणि त्यांची निवड झाली नाही. नायडू छत्तीस वर्षांचे होते आणि त्यांची झाली. चार वर्षांचे अंतर आणि एक कसोटी कारकीर्द. खेळाडूच्या आयुष्यात काळाची गणिते अशी निष्ठुर असतात.

१९३२ चा तो दौरा मुळात नायडूंच्या नेतृत्वाखाली निघालाच नव्हता. कर्णधार होते पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. इंग्रजांच्या देशात हिंदुस्थानच्या संघाचे नेतृत्व राजघराण्यातील व्यक्तीनेच करावे, अशी त्या काळची धारणा होती. फलंदाजी येते की नाही हा प्रश्न त्यापुढे गौण होता. पोरबंदरच्या महाराजांचा मोठेपणा असा की, आपली कुवत त्यांनी प्रामाणिकपणे ओळखली आणि कसोटीपूर्वी ते बाजूला झाले. लिंबडीकर जायबंदी होते. अशा रीतीने नागपूरच्या शाळेच्या संघाचा एकेकाळचा कर्णधार हिंदुस्थानचा पहिला कसोटी कर्णधार झाला. एका सामान्य नागरिकाच्या हाताखाली खेळावे लागते म्हणून संघातील काहींनी कुरकूर केली, हेही नमूद करून ठेवले पाहिजे. नायडूंचा कडक स्वभाव त्या कुरकुरीला खतपाणी घालीत असावा. शिस्तीच्या बाबतीत ते मित्रालाही सवलत देत नसत, आणि सर्वांना प्रिय होण्याची कला त्यांना अवगत नव्हती.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सामना सुरू झाला. महंमद निसार आणि अमरसिंग यांनी पहिल्या तासातच इंग्लंडची दाणादाण उडवली. निसारने पाच बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव २५९ धावांवर आटोपला. हिंदुस्थानच्या वतीने कसोटीतील पहिला चेंडू खेळणारे जनार्दन नवले हे मराठी गृहस्थ होते, याचा आपल्या लोकांना अभिमान असतो, आणि तो योग्यच आहे. क्षेत्ररक्षण करताना चेंडू अडवण्याच्या प्रयत्नात नायडूंच्या हाताला दुखापत झाली होती. त्याच हाताने त्यांनी पहिल्या डावात ४० धावा काढल्या. संघाच्या १८९ धावांत तीच सर्वोच्च धावसंख्या होती. सामना १५८ धावांनी गमावला गेला, परंतु पाहुण्यांची गणना आता दुबळ्यांत करता येणार नाही, हे इंग्रज वृत्तपत्रांनी मान्य केले.

संपूर्ण दौऱ्यातील प्रथम दर्जाच्या सामन्यांत नायडूंनी पाच शतकांसह १६१८ धावा काढल्या आणि ६५ बळी घेतले. त्यांच्या खात्यावर ३२ षट्कार जमा झाले. बर्मिंगहॅमला वॉरिकशायरविरुद्ध त्यांनी मारलेला एक षट्कार मैदानालगतची री नदी ओलांडून गेला, आणि ती नदी दोन परगण्यांची सीमा असल्याने चेंडू एका परगण्यातून दुसऱ्यात पडला, ही कथा प्रसिद्धच आहे. आमच्या पायऱ्यांवर ती सांगताना एक सभासद नदीच्या जागी समुद्र आणीत. त्याच डावात नायडूंनी १६२ धावा केल्या होत्या, एवढे सांगितले तरी पुरे. पुढच्या वर्षी विस्डेनने वर्षातील पाच उत्कृष्ट खेळाडूंत त्यांची निवड केली. रणजितसिंहजी, दुलीपसिंहजी आणि पतौडीचे नवाब यांना हा मान त्याआधी मिळाला होता. पण ते तिघेही इंग्लंडकडून खेळलेले. हिंदुस्थानसाठी खेळून तो मिळवणारे नायडू पहिले.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिनचा संघ आला. मुंबई जिमखान्यावर आपल्या देशात झालेल्या पहिल्या कसोटीत तरुण लाला अमरनाथांनी ११८ धावा केल्या. समोर उभे राहून त्यांना धीर देत कर्णधाराने ६७ काढल्या, आणि दोघांनी १८६ धावांची भागीदारी केली. त्याच मालिकेत, कलकत्त्याच्या कसोटीत, एक एकोणीस वर्षांचा मुलगा प्रथमच संघात आला. त्याचे नाव सय्यद मुश्ताक अली. हा इंदूरचा, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. गल्लीत आणि मैदानावर खेळणाऱ्या पोरांतून त्याला नायडूंनी वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी हेरले होते. पदार्पण झाले ते डावखुरा संथ गोलंदाज म्हणून. पण १९३६ मध्ये मँचेस्टरला त्यांनी विजय मर्चंटांसह पहिल्या जोडीसाठी २०३ धावा केल्या आणि स्वतः ११२ काढून परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. मुंबईच्या स्पर्धेत गुरू हिंदूंकडून आणि शिष्य मुसलमानांकडून मैदानात उतरे. इंदूरला परतले की दोघे एकाच संघात. होळकरांच्या संघाविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण तिच्या मोठेपणाचा याहून चांगला पुरावा प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

१९३६ चा इंग्लंड दौरा मात्र नायडूंच्या वाट्याला आलेला कडू घोट होता. या वेळी कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले आणि ते त्यांनी कुणालाही दिले नाही. संघात तट पडले, लाला अमरनाथांना दौऱ्याच्या मध्यावरच घरी पाठवण्यात आले. चाळिशी ओलांडण्याच्या बेतात असलेले नायडू, देशाचे माजी कर्णधार, एका कितीतरी दुबळ्या खेळाडूच्या हाताखाली खेळले. त्यांनी जाहीर तक्रार केल्याचे आढळत नाही. ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत गबी ॲलनचा एक चेंडू त्यांच्या अंगावर जोरात आदळला. तरीही ते उभे राहिले आणि दुसऱ्या डावात ८१ धावा काढल्या. ती त्यांची कसोटीतील सर्वोच्च खेळी, आणि तीच शेवटचीही. नंतर दहा वर्षे हिंदुस्थान कसोटी खेळलाच नाही. भारताच्या पहिल्या सातही कसोटी सामन्यांत ते खेळले; ३५० धावा, सरासरी २५. आकडे पाहून आजचा एखादा विद्यार्थी खांदे उडवील. सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर कसोटी कारकीर्द सुरू होऊन एक्केचाळिसाव्याच्या आत संपली, हे त्या आकड्यांत दिसत नाही.

आणि खरे तर येथून इंदूरचा अध्याय सुरू होतो. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या आश्रयाखाली होळकर संघ १९४१-४२ पासून रणजी करंडकात स्वतंत्रपणे उतरू लागला. संघाची उभारणी नायडूंची. मुश्ताक अली, कनिष्ठ बंधू सी. एस. नायडू, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड, खंडू रांगणेकर अशी नावे वाचली तरी त्या संघाचे मराठी वळण ध्यानात येते. कुणी नागपूरचा, कुणी कोल्हापूरचा, कुणी मुंबईचा. सरवटे तर सागरचे, व्यवसायाने अंगुलिमुद्रातज्ज्ञ. शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर तयार झालेल्या, पण अन्यत्र कदाचित कारकुनीत विरून गेल्या असत्या अशा गुणी खेळाडूंना होळकरांनी हुद्दे दिले, नोकऱ्या दिल्या, आणि नायडूंनी त्यांना शिस्त दिली. पहाटे धावणे, ठरल्या वेळी सराव, झेल सुटला तर सर्वांसमक्ष कानउघाडणी. जखम झाली म्हणून मैदान सोडणे त्यांना मानवत नसे. हा कडकपणा कधीकधी अन्यायाच्या सीमेवर जात असेल. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या माणसांनी त्यांच्याविषयी प्रेमापेक्षा आदरानेच अधिक बोलावे, यात बरेच काही आले.

चौदा मोसमांत होळकर संघाने दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा, म्हणजे १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ मध्ये, करंडक जिंकला. यांतील पहिल्या विजयाच्या आदल्या वर्षीचा पराभव विजयाइतकाच संस्मरणीय आहे. मार्च १९४५ मध्ये मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजय मर्चंटांनी २७८ धावा केल्या आणि होळकरांपुढे ८६७ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य ठेवले गेले. महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्या वेळी होळकरांकडून खेळत होता. तो २४९ धावांवर नाबाद राहिला. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली. सी. एस. नायडूंनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले, आणि इतके चेंडू एका सामन्यात टाकण्याचा तो जागतिक उच्चांक होता. चौथ्या डावात ४९२ धावा करूनही होळकर ३७४ धावांनी हरले.

पुढच्या मोसमात त्याची भरपाई झाली. इंदूरच्या यशवंत क्लब मैदानावर म्हैसूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. एकाच डावात सहा शतके : भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंग १००. जगात तोवर असे घडले नव्हते. कर्णधाराचे वय त्या वेळी पन्नास होते. त्यानंतर बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी २०० धावा काढल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील ती त्यांची सर्वांत मोठी खेळी. ज्या वयात आपल्याकडे गृहस्थ निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो, त्या वयात हा मनुष्य द्विशतक ठोकीत होता. प्रस्तुत लेखकाने पन्नाशी ओलांडली आहे आणि ग्रंथालयाचा जिना चढतानाही मध्ये एकदा थांबावे लागते, म्हणून हे विशेष जाणवते.

१९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा एक उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि दोन दात पडले. वय छपन्न. त्यांनी मैदान सोडले नाही. गोलंदाजाने वेग कमी करू नये अशी खूण केली आणि खेळत राहिले. हा प्रसंग अनेकांनी अनेक प्रकारे सांगितला आहे. दातांची संख्या काहींच्या कथनात वाढतही जाते, पण नायडू तंबूत परतले नाहीत यावर सर्वांचे एकमत आहे.

दरम्यान, ज्या पायावर हे सारे उभे होते, तो पाया सरकत होता. मे १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राजाश्रय संपला, तरी संघ आणखी काही वर्षे जुन्या नावाने आणि जुन्या ईर्ष्येने खेळत राहिला. १९५४-५५ मध्ये मद्रासविरुद्धचा अंतिम सामना गमावला आणि होळकर हे नाव रणजी करंडकाच्या कोष्टकातून कायमचे गेले. आधी मध्य भारत आणि मग मध्य प्रदेश या नावाने संघ आले. परंतु अंतिम फेरी गाठायला इंदूरकरांना १९९८-९९ पर्यंत थांबावे लागले, आणि करंडक हाती आला तो जून २०२२ मध्ये, मुंबईला हरवून. १९९८-९९ च्या पराभवाच्या वेळी जे चंद्रकांत पंडित कर्णधार होते, तेच २०२२ मध्ये प्रशिक्षक होते. शेवटच्या होळकर विजयानंतर एकोणसत्तर वर्षे. मधल्या काळात या शहरातील शाळा-महाविद्यालयांतून गुणी मुले निघालीच नाहीत असे कुणी म्हणणार नाही. आमच्या वर्गात दरवर्षी एखाददुसरा असे; विद्यापीठाच्या संघात खेळून आल्यावर हजेरी भरली नाही म्हणून त्याचा अर्ज अडे, आणि दोन-तीन वर्षांनी तो एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर भेटे. त्यांना हेरणारी नजर नव्हती, आणि हेरल्यावर पोट भरण्याची सोय नव्हती. राजाश्रय ही लोकशाहीत परत आणण्याची वस्तू नव्हे, हे मान्य. पण तिची जागा घ्यायला आपल्या संस्थांना इतका उशीर का लागला, याचे उत्तर प्रस्तुत लेखकापाशी नाही.

नायडू स्वतः मात्र थांबायला तयार नव्हते. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. त्याच हिवाळ्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते रणजी करंडकात उतरले आणि त्या स्पर्धेतील अखेरच्या डावात ५२ धावा काढून गेले. निवड समितीचे अध्यक्षपद आणि नियामक मंडळाचे उपाध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९६३-६४ मध्ये, अडुसष्ट वर्षांचे असताना, महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या संघाकडून मुख्यमंत्र्यांच्या संघाविरुद्ध मदतनिधीसाठी झालेल्या सामन्यात ते शेवटचे खेळले. २०७ प्रथम दर्जाचे सामने, ११,८२५ धावा, २६ शतके, ४११ बळी असा हिशेब मागे राहिला. या प्रदीर्घ कारकिर्दीत धनप्राप्ती अशी काय झाली असेल? १९४१ मध्ये एका यकृतविकाराच्या टॉनिकच्या जाहिरातीत त्यांचे नाव झळकले, आणि जाहिरातीत आलेले ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. आजच्या खेळाडूंच्या जाहिराती पाहिल्या की त्या टॉनिकच्या बाटलीची आठवण होऊन हसू येते.

त्यांच्या कन्या चंद्रा नायडू इंदूरच्या कन्या महाविद्यालयात इंग्रजीच्या प्राध्यापिका आणि पुढे प्राचार्या होत्या. आकाशवाणीवर क्रिकेटचे धावते समालोचन करणाऱ्या भारतातील पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी इंग्रजीत लिहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. वडिलांचा वारसा कन्येने मैदानाऐवजी महाविद्यालयाच्या व्यासपीठावर आणि ध्वनिक्षेपकासमोर चालवला, हे आम्हां अध्यापकांना सांगताना विशेष आनंद होतो. सी. के. यांचे मराठीतील विस्तृत, साधार चरित्र आपल्या कपाटांत असावे, आणि ते इंदूरच्या एखाद्या अभ्यासकाने लिहावे, अशी इच्छा या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

कर्नल नायडूंचे निधन १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे झाले. वय बहात्तर वर्षांचे होते. नियामक मंडळाने १९९४ पासून जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने देण्यास प्रारंभ केला, आणि पहिला पुरस्कार लाला अमरनाथांना मिळाला. मुंबई जिमखान्यावर एकसष्ट वर्षांपूर्वी समोरच्या टोकाला उभे राहून ज्याला धीर दिला होता, त्याच मुलाला.